पाहुण्यांसाठी आवरलेली वाट

"मॅडम, तुमच्या घरी पाहुणे येणार असले, की तुम्ही पसारा कुठे लपवता?"

छोटीच्या तोंडून प्रश्न सुटला आणि तळ्याकाठच्या बागेत उभी असलेली सगळी मंडळी तिच्याकडे वळली. इंजिनिअर साहेबांनी हातातली फाइल छातीशी धरली. वर्गाच्या बाईंनी डोळे वटारले. मागच्या रांगेत तिच्या वर्गातल्या दोघी, उंच म्हणून ‘शिडी’ आणि ठेंगणी म्हणून ‘बटण’, एकमेकींना चिमटे काढत हसू दाबत होत्या, कारण प्रश्न मुळात त्यांचाच होता. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघींनी तो जुळवला होता आणि वर म्हटलं होतं, "हिंमत असेल तर विचार. नाही विचारलास, तर महिनाभर आमची दप्तरं तू उचलायची."

आता छोटीची हिंमत काढायची म्हणजे काय! गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीला "हजर" म्हणायची तेही इतकं हळू, की बाई तिला गैरहजर लावून मोकळ्या व्हायच्या. वर्गात तिचं नावच ‘मुकी’ पडलं होतं. आणि या वर्षी तिच्या तोंडाचा पट्टा असा काही सुटला, की त्याच पोरींनी तिचं नाव बदलून ‘भोंगा’ केलं. भोंग्याने दुसऱ्यांची दप्तरं उचलायची? छे!

पण प्रश्न विचारून झाल्यावर तिची नजर बाबांकडे गेली आणि तिने जीभ चावली. बाबांचे कान लालबुंद झाले होते.

कारण पसारा बाबांनीच लपवला होता.

त्याचं असं झालं. तळ्याकाठची पायवाट छोटीच्या घरामागच्या फाटकापासून निघायची, तळ्याला वळसा घालायची आणि थेट इस्पितळाच्या दाराशी पोचायची. वाट म्हणायची आपली सवय म्हणून. फरश्या उखडलेल्या, कडेची माती तळ्यात घसरलेली, झाडांच्या मुळांनी मधेच डोकं वर काढलेलं. दुरुस्त करायची तर नगरपालिकेची तिजोरी रिकामी. शेवटी नगरपालिकेने अनुदानासाठी अर्ज केला. मोडक्या वाटांना पैसे देणं हेच काम असलेलं एक कार्यालय दूरच्या शहरात होतं, त्याच्याकडे. अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला, आणि वाट खरोखर किती मोडकी आहे ते डोळ्यांनी बघायला एक मॅडम येणार असं ठरलं. शाळेलाही निरोप आला, की एक वर्ग घेऊन या, म्हणजे वाट वापरात आहे असं दिसेल.

छोटीचे बाबा त्या बागेचे मुकादम. पाहुणे येणार हे कळलं मात्र, बाबांच्या अंगात वारंच शिरलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शाळा भरताच त्यांनी वाट बंद करून सगळ्या माळ्यांना कामाला जुंपलं. खड्ड्यांत खडी ओतली, वर माती दाबली. उखडलेल्या फरश्या उचलून अवजारांच्या शेडमागे रचल्या आणि त्यांच्यावर ताडपत्री ओढली. लोंबत्या फांद्या छाटल्या, कडेचे दगड चुन्याने रंगवले. आदल्या संध्याकाळी इंजिनिअर साहेब स्वतः येऊन "वा मुकादम, झकास!" म्हणून गेले. जी वाट मोडकी आहे म्हणून पैसे मागायचे, तीच नव्या नवरीसारखी नटवून ठेवायची, यात काही घोळ आहे हे एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात शिरलं नाही. शिरलं ते फक्त शिडीच्या आणि बटणाच्या.

"तुझे बाबा म्हणजे कमाल आहेत गं," बटण म्हणाली होती. "आजारी माणसाला पावडर लावून डॉक्टरकडे नेतायत!"

छोटी खूप हसली होती. पण तिला ते नुसतं हसण्यावारी नेता येत नव्हतं. कारण त्या वाटेत दादाचा जीव अडकला होता.

दादा इस्पितळात टेलिफोनवर बसायचा. त्याचे डोळे लहानपणापासून अधू होत होत कॉलेजच्या पहिल्या वर्षी पूर्ण गेले. आवाज मात्र असा, की काळजीने फोन करणाऱ्या माणसाला पलीकडून नुसतं "बोला" ऐकलं तरी धीर यायचा. मोठ्या रस्त्याने कामावर जायचं तर ट्रक, बस, हॉर्न आणि ओलांडायला दोन चौक. तळ्याकाठी वाहनाचं नाव नाही. म्हणून छोटी त्याला रोज सकाळी शाळेआधी वाटेने सोडायची आणि संध्याकाळी आई आणायला जायची.

काय सकाळी असायच्या त्या! दादाचा एक हात तिच्या कोपरावर, दुसऱ्या हातात काठी, आणि छोटी बोलत सुटलेली. "दादा, लाल टोपीवाले आजोबा आज पळत नाहीयेत, त्यांचं कुत्रंच त्यांना ओढतंय. दादा, पलीकडच्या बाकावरच्या काकू पेपर उलटा धरून झोपल्यात." सुरुवातीला तिला शब्दच सापडायचे नाहीत. "पाणी कसं दिसतंय आज?" दादा विचारायचा.

"पाण्यासारखं."

"अगं, पण कसल्या पाण्यासारखं? भांडी घासलेल्या की नुकत्या भरलेल्या?"

मग ती बघायला शिकली. बघितलेलं सांगायला शिकली, आणि सांगता सांगता मुकीचा भोंगा कधी झाला ते तिचं तिलाही कळलं नाही. शाळेत हे गुपित कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि दादाला काय हवं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "ही वाट नीट झाली ना," तो म्हणायचा, "कडेला काठीला लागेल असा कठडा बसला ना, की मी एकटा जाईन." ‘एकटा’ हा शब्द तो असा उच्चारायचा, जसं एखाद्याने कधीतरी राहून आलेल्या दूरच्या गावाचं नाव घ्यावं. बाबांनी साहेबांच्या मागे लागलागून तो कठडा अर्जात घालून घेतला होता. तेव्हापासून छोटी अनुदानासाठी अगदी देव पाण्यात घालून बसली होती. फक्त मनाच्या एका कोपऱ्यात, जिथे ती स्वतःसुद्धा फारशी डोकावत नसे, तिला वाटायचं, की मिळावं, नक्की मिळावं, पण जरासं उशिरा मिळावं.

तर मॅडम. छोटीचा प्रश्न ऐकून त्या रागावल्या नाहीत. चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मी पलंगाखाली लपवते. तुमच्याकडे कुठे लपवतात?"

भोंगा बंद! छोटीने ओठ घट्ट मिटले. पण डोळे कसे मिटणार? ते गेले नको तिकडे, थेट शेडकडे, आणि मॅडमचे डोळे त्यांच्या पाठोपाठ. मॅडम शेडमागे गेल्या. त्यांनी ताडपत्रीचं टोक उचलून आत बघितलं. मग परत येऊन वाटेवर बुटाची टाच दाबली. टाच खडीत रुतली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "अर्जातल्या फोटोत वाट मोडलीये. इथे तर चुना मारून ठेवलाय. मी लिहू काय? मला दिसतं तेच मला लिहावं लागतं."

साहेबांनी फाइलआडून बाबांकडे बघितलं. "मुकादम, हे उद्योग कोणी सांगितले होते तुम्हाला?" आदल्या दिवशी झकास म्हणणारे ते हेच बरं का!

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "कोणी नाही, साहेब. पाहुणे येणार म्हणून आवरलं. यांना ठेच लागली असती."

छोटीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. प्रश्न विचारताना तिला साहेबांचा चेहरा बघायचा होता. बाबांचा असा चेहरा बघायचा नव्हता.

तेवढ्यात वळणापलीकडून, लव्हाळ्यांतून आवाज आला.

"हॅलो? कोणी आहे का तिकडे? जरा मदत हवी होती."

अगदी टेलिफोनवरचा आवाज. शांत, स्पष्ट.  छोटी धावत सुटली, तिच्यामागे बाबा, त्यांच्यामागे साहेब, मॅडम आणि सगळा वर्ग.

दादा गुडघाभर चिखलात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, एक बूट कुठेतरी रुतून गेलेला, काठी उभी धरलेली. आणखी एक पाऊल आणि पुढे तळंच होतं.

त्या सकाळी छोटी वर्गाबरोबर असणार म्हणून आई त्याला रस्त्याने सोडणार होती. दादाने आईला थाप मारली, की छोटी फाटकाशी थांबलीये, मी जातो तिच्याबरोबर. आणि गडी निघाला एकटाच.

बाबा बुटांसकट चिखलात उतरले. "अरे, इथे वळण आहे! तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे, बाबा. वळणाच्या आधी ती डुगडुगणारी फरशी लागते. पायाखाली हलली, की डावीकडे वळायचं." दादाने बाबांचा खांदा चाचपला. "आज ती लागलीच नाही. आता लागेल, मग लागेल म्हणत मी सरळ पुढे आलो."

 बाबांनी दादाला धरून वर आणलं, आणि मग वाटेच्या कडेला, ओल्या चुन्याच्या दगडावर ते मटकन बसले.

"ती मी काढली," ते म्हणाले. "सगळ्यात आधी तीच काढली. तुझा पाय अडकायचा म्हणून."

ती फरशी छोटीलाही ठाऊक होती. रोज सकाळी ती तिच्यावर मुद्दाम उडी मारायची, डुगडुग आवाज काढायची, आणि दादा हसायचा. तिला वाटायचं, दादा तिच्या उडीला हसतोय. तो तिथे दिशा धरतोय, हे एवढं बोलणाऱ्या पोरीला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मॅडमनी आपला रुमाल दादाच्या हातात दिला. "तुम्ही या वाटेने रोज जाता?"

"रोज. पण एकटा आजच." आणि चिखलाने माखलेला तो माणूस चक्क हसला. "अर्धी वाट झाली, मॅडम. बरीच झाली."

मॅडमनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. निघताना साहेबांना म्हणाल्या, की त्या जुने फोटोही देतील आणि आज बघितलेलंही सांगतील. पण अजून खूप गावांच्या वाटा बघायच्या आहेत. कदाचित या वर्षी पैसे मिळतील, कदाचित पुढच्या. कदाचित. शाळेत परतताना शिडीने न सांगता छोटीचं दप्तर उचललं, आणि बटण, जिला गप्प बसण्याचं औषधच नव्हतं, ती शाळेच्या फाटकापर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी आईचा पारा चढलेला. आई पडदे शिवून द्यायची, आणि त्या संध्याकाळी मशीन असं काही धडधडत होतं, की पडदा शिवून होतोय की फाटतोय कळत नव्हतं.

"माझ्याशी खोटं बोललास? माझ्याशी?" आईने मशीन थांबवलं. "आता एकट्याने एक पाऊल टाकायचं नाही. कठडा झाला तरी नाही. आणि ती तळ्याची वाटही नको. उद्यापासून रस्त्याने जायचं, छोटीचा हात धरून. विषय संपला."

दादाने वाद घातला नाही. तो परसात नळापाशी जाऊन बसला. छोटी त्याच्या शेजारी बसून ब्रशने त्याची पँट घासू लागली.

"घाबरलास?" तिने विचारलं.

"चिखलात? चांगलीच पाचावर धारण बसली होती. पण त्याच्या आधी नाही." त्याने पाय पुढे पसरले. "फाटकापासून वळणापर्यंत, छोटी, तुला सांगू? तळ्याचा आवाज येतो. काठावर पाणी चुबूक चुबूक करतं. आणि वाऱ्याची झुळूक आली, की लव्हाळी आधी पलीकडची वाजतात, मग आपल्याजवळची."

"तो आवाज तर रोज येतो."

"रोज तू येतेस."

तो चेष्टेने म्हणाला. छोटीही खिदळली. मग तिच्या हातातला ब्रश थांबला.

"म्हणजे मी फार बडबडते?"

"वेडाबाई, तू बडबडतेस म्हणून तर लाल टोपीवाले आजोबा माझ्या ओळखीचे झाले! तसं नाही गं. पण कधीतरी वाटतं, की आपली सकाळ आपणच बघावी. कशी का दिसेना."

छोटी पुन्हा पँट घासायला लागली, डाग निघून गेले तरी घासत राहिली.

मग रस्त्याने जाणं सुरू झालं. ट्रक अंगावर आल्यासारखे जायचे, आणि दादाची बोटं तिच्या कोपरात रुतायची. तिने सांगून बघितलं, "दादा, चपलांच्या दुकानाची पाटी तिरकी झालीये." "हं," दादा म्हणायचा. त्याने एकदाही विचारलं नाही, की आज अमुक कसं दिसतंय. हॉर्नच्या गोंगाटात काय विचारणार? दोन घरांच्या फटीतून तळ्याचा एक तुकडा दिसायचा, तिथे छोटीची पावलं आपोआप मंद व्हायची. कोपरावर दादाचा हात होता, दादा शेजारी होता, आणि तरी तिला दादाची फार आठवण यायची. शेजारून चालणाऱ्या माणसाची आठवण येते, हे शिडीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, भोंग्याचा सेल संपला.

बाबा मात्र रोज उशिरा घरी यायला लागले. हाताला फोड, कपड्यांना माती. आईने विचारलं तर म्हणायचे, "काम आहे." रविवारी ते दादाला म्हणाले, "चल, जरा पाय मोकळे करून येऊ." छोटीही मागोमाग निघाली.

फाटकापासून बाबांनी खुंट ठोकले होते. एका खुंटापासून दुसऱ्यापर्यंत, वळणावरून, मुळांना चुकवत, अगदी इस्पितळाच्या भिंतीपर्यंत त्यांनी जाड दोर ओढला होता, तोडलेल्या फांद्या ओढायला वापरतात तो. कंबरेच्या उंचीवर, पक्का ताणलेला. वळणापाशी दोराला मोठी गाठ होती.

"साहेब म्हणाले, हे नियमात बसत नाही," बाबा पुटपुटले. "मी म्हटलं, पैसे आले की काढतो."

दादाने दोरावर हात ठेवला. आणि तो निघाला. सावकाश, मग जरा भरभर. बाबा आणि छोटी बरंच अंतर ठेवून मागून चालत होते. लाल टोपीवाले आजोबा कुत्र्यासह समोरून आले, बाजूला झाले, आणि छोटीच्या अगदी जिभेवर आलं, "दादा, आजोबा बघ!" तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. दादा गाठीपाशी थांबला. मान थोडी तिरकी केली. बराच वेळ तसाच उभा राहिला. तो काय ऐकतोय ते ओरडून विचारावंसं तिला वाटलं, आणि कळलंही, की हे आपल्याला कधी नीट कळायचं नाही. मग तो डावीकडे वळला आणि झाडाआड गेला. रिकाम्या वाटेवर दोर तेवढा हलत राहिला.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती मान हलवत राहिली. "दोर झाला म्हणून काय झालं? छोटी बरोबर असेल तरच जायचं."

"राहू दे, आई," दादा म्हणाला. "छोटी येईल ना."

शांत, स्पष्ट, गोड. इस्पितळातून तो अनोळखी माणसांशी बोलायचा तो आवाज! घरातल्या कोणाशी दादा आजवर त्या आवाजात बोलला नव्हता. छोटीच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरातच टेकला.

सोमवारी सकाळी दादा आतल्या खोलीत बटणं लावत होता. बाबा दाराशी बुटांच्या नाड्या बांधत होते. आईने मशीनवरून हाक मारली, "छोटी, आटप गं, दादाला उशीर होतोय."

छोटी बाहेर आली ती एका पायात मोजा आणि दुसरा मोजा हातात घेऊन. "आई, बाबा, दोघंही जरा बसा. मला काहीतरी सांगायचंय."

"परीक्षेत दिवे लावलेस?" आई म्हणाली.

"पुन्हा कोणाला प्रश्न विचारून आलीस?" बाबा म्हणाले.

"नाही. आज विचारायचं नाहीये, सांगायचंय."  तिने घसा खाकरला आणि हजेरीच्या वेळी म्हणावं तसं, आतल्या खोलीतही नीट ऐकू जाईल असं ती म्हणाली, "उद्यापासून मी दादाला सोडायला जाणार नाही. आई, तू रागव, बोलू नकोस माझ्याशी, पण मी जाणार नाही. तो दोर धरून एकटा जाईल, आणि त्याच्या मागेमागे लपूनछपून पण कोणी जायचं नाही, मीसुद्धा नाही. आज मात्र मी जाते. तळ्याच्या वाटेनेच जाते, आणि आज मी त्याच्याशी अगदी पोटभर बोलणार आहे."